खांब वाजवणाऱ्या बायका

हैनौ लैकाय, इंफाळ
९ जुलै

चि. सौ. नुंगशीस,
सनाहानबीचे अ. उ. आ.

महिना झाला, तुझं पत्र नाही. का नाही तेही मला कळलं आहे. मोरेहून कापडाची गाठोडी आणणारी बाई काल बाजारात माझ्या शेजारी बसली होती. बोलता बोलता म्हणाली की तुमच्या धाकट्या बहिणीकडे एक उंच, वाळका पोरगा राहायला आलाय, कांदे सोलतो आणि सोलताना गातो. उंच, वाळका आणि गाणारा असा नमुना आपल्या घराण्यात एकच आहे. तेव्हा आपला भाचा नाओचा तुझ्याकडे आहे, हे आता लपवू नकोस. स्वतःच्या सख्ख्या बहिणीला हे बाजारात कळावं, याचा मला फार राग आला आहे.

इबोचौला मी अजून काही बोललेले नाही. आपला भाऊ कसा आहे ते तुला ठाऊक आहे. पोराचं नाव काढत नाही, जेवतो, कामावर जातो. पण परवा एरोंबाच्या कालवणात त्याने दोनदा मीठ घातलं आणि तसंच खाल्लं. वहिनीने मला बोलावून दाखवलं.

तू म्हणशील, इचे, थोरली बहीण असून तूच तर त्याला घालवलंस. होय, मीच. आम्ही लैकायच्या, वस्तीतल्या बायकांनी नियम केला की पावडर घेताना जो सापडेल त्याला चौकातल्या विजेच्या खांबाला दिवसभर बांधायचं आणि बायका हो म्हणेपर्यंत त्याने वस्तीत पाय ठेवायचा नाही. नियम करताना मी सगळ्यांत पुढे होते. मग भाऊच सापडो की भाचा, काय करणार होते मी? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं? कुठल्या तोंडाने उद्या दुसऱ्याच्या पोराला बांधणार? गाठ मी माझ्या हाताने मारली. सैल मारली, पण मारली.

आणि नियम काही उगाच नाही. गेल्या आठवड्यात थारोचा धाकटा मेला. तळ्यामागच्या बांबूत काही पोरं बसलेली कुणाला तरी दिसली, तिने दगड घेऊन खांब वाजवला, खांब वाजला की आम्ही हातातलं काम टाकून धावतो, तशा धावलो. पोचलो तर हा एकटाच पडलेला, ओठ निळे पडलेले, बरोबरचे सगळे पसार. थारोचं रडणं ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. बायका म्हणतात, शिक्षा अजून कडक हवी. मलाही तसंच वाटतं.

नाओचाचं असं काही होऊ नये एवढंच देवाजवळ मागते. तो जिवंत राहावा आणि माणसासारखा होऊन घरी यावा. तुझे भावोजी बरे आहेत. त्यांना साखरेची सुई रोज मीच टोचते, आणि रोज ते पहिल्यांदाच टोचल्यासारखे ओरडतात.

पत्र धाड. लोभ कमी झाला असेल तर तसं कळव, नसेल तर उत्तर लवकर लिही.

तुझी,
सनाहानबी


मोरे
१८ जुलै

ती. इचेस,
नुंगशीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसले, मग रडले, मग यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, इचेचा राग म्हणजे पावसाळ्यातला घाटरस्ता, कधी कुठे कोसळेल सांगता येत नाही. त्यांना मी दुकानात पिटाळलं आणि आता निवांत लिहिते आहे.

नाओचा माझ्याकडेच आहे. लपवलं, कारण त्याने शपथ घातली होती. मी आमच्या, पावडरवाल्या पोरांच्या केंद्रात स्वयंपाक बघते, तो हाताखाली असतो. कांदे तो चांगले सोलतो. भात मात्र त्याच्या हाती देऊ नये.

आता जे लिहिते ते बसून वाच, आणि तामोला, आपल्या इबोचौला, सांगू नकोस. आला त्याच आठवड्यात नाओचा पडला. बाजाराच्या मागच्या गल्लीत पावडर घेतली आणि श्वास थांबत आला. बरोबर सीमेपलीकडच्या गावचा एक हातगाडीवाला होता. त्याने भाजी खाली ओतली, याला गाडीत घातलं आणि ओढत आमच्या दारात आणलं. आमच्या नर्सबाईंनी दंडात औषध टोचलं, नालोक्सोन म्हणतात त्याला. तोंडाने श्वास दिला. थोड्या वेळाने साहेब उठून बसले आणि आम्हाला चार शिव्या देऊन विचारू लागले की माझी चप्पल कुणी नेली. इचे, मी तिथेच जमिनीवर बसले आणि लहान पोरीसारखी रडले. आपल्या घरातला एकुलता एक मुलगा माझ्यासमोर मेला होता आणि परत आला होता.

तेव्हापासून एकच गोष्ट माझ्या डोक्यात फिरते आहे. तो हातगाडीवाला पळाला का नाही? तोही पावडर घेतो. त्यालाही जिवाची भीती आहे. पण त्याला माहीत होतं की आमच्या दारात कुणी नाव विचारत नाही, कुणी बांधत नाही, कुणी पोलिसांना बोलावत नाही. थारोच्या मुलाबरोबर जे होते, तेही काही राक्षस नव्हते. ते तुझ्या खांबाचा आवाज ऐकून पळाले. रागावलीस ना? रागाव. पण माझं म्हणणं विचारात घे.

उद्याच्या बसने काबोकच्या, मुरमुऱ्यांच्या लाडवांचा डबा धाडते आहे. लाडवांच्या खाली काही वस्तू आहेत. डबा एकटी असताना उघड. त्या कशा वापरायच्या ते सविस्तर पुढच्या पत्रात लिहीन.

नाओचाने नमस्कार सांगितला नाही, पण मी पत्र लिहिते आहे हे बघून दोनदा आत येऊन गेला. माझ्यावरची माया राग बाजूला ठेवून तशीच राहू दे.

तुझी,
नुंगशी


हैनौ लैकाय
२९ जुलै

चि. सौ. नुंगशीस,
सनाहानबीचे अ. उ. आ. (शिल्लक होते तेवढे)

तुझं पत्र परवा आलं. डबा कधीचाच आला. टपाल बैलगाडीने आणि बस मोटारीने चालते, एवढं तुला मोरेत राहून कळू नये?

मी काही डबा एकटीने उघडला नाही. कसा उघडणार? मोरेहून येणारं कुठलंही सामान चौकातल्या आमच्या शेडमध्ये, सगळ्या बायकांसमोर उघडायचं असा नियम आहे, कारण पावडर तिकडूनच येते. हा नियम कुणी केला ते विचारू नकोस. तर बसवाल्याने डबा आणून दिला, मी मोठ्या ऐटीत सर्वांना सांगितलं की माझी बहीण लाडू फार चांगले करते, या, सगळ्या घ्या. लाडू वाटले. तंफाने, ती आमच्यात सगळ्यांत म्हातारी, दुसऱ्या लाडवासाठी हात घातला आणि मूठभर सुया बाहेर काढल्या.

तोंडातले लाडू तोंडात राहिले. तंफाने माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं. तिला सुचवायचं होतं की घरातल्या साखरेच्या सुया आहेत म्हण आणि सुटून जा. म्हणालेही असते. पण सुयांच्या खाली बाटल्या, आणि बाटल्यांवर तुझ्या त्या टपोऱ्या अक्षरांतली चिठ्ठी: पावडर घेऊन पडलेल्यासाठी. शाळेत असताना तुझं अक्षर इतकं कुत्र्यामांजरासारखं होतं की मास्तरांना वाचता येत नसे. नेमकं आत्ताच सुधारायचं होतं?

मग मी स्वतःच म्हणाले की नियम म्हणजे नियम, ज्याच्याकडे सुया सापडल्या तो खांबाशी. बायका नको नको म्हणाल्या. पण त्यांच्या पोरांना मी सोडलं नव्हतं, मग मला का सोडावं? मी जाऊन खांबाला टेकून बसले. दोरी बांधायला कुणी पुढे येईना, तेव्हा ती मीच कमरेला गुंडाळून घेतली. ऊन मी म्हणत होतं. तुझे भावोजी छत्री घेऊन आले आणि दिवसभर माझ्या डोक्यावर धरून उभे राहिले. येणाराजाणारा विचारी, आणि हे प्रत्येकाला सगळी हकीगत पहिल्यापासून सांगत, लाडवांच्या चवीसकट. बांधून घेण्याची शिक्षा परवडली, ती ऐकण्याची नको, असं झालं मला.

दुपारी थारो आली. मुलगा गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. माझ्याशेजारी मातीत बसली आणि विचारलं की त्या बाटल्यांत काय आहे. मी म्हटलं, चिठ्ठीत लिहिलंय पडलेल्यासाठी, म्हणजे पडलेला माणूस याने उठत असावा. तिने विचारलं की माझा उठला असता का. नुंगशी, मी खरं तेच म्हणाले की मला माहीत नाही. मग ती संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिली, आणि उठताना तंफाला म्हणाली की तो डबा जाळू नका.

म्हणून डबा शेडमध्ये आहे. जाळलेला नाही, वापरायचं ठरलेलंही नाही. तू नाओचाबद्दल लिहिलंस ते मी इबोचौला सांगितलं. सांगू नकोस म्हणाली होतीस, पण जे पोटात ठेवून मला झोप लागेना ते मी ठेवणार तरी कसं? तो ऐकून अंगणातल्या तुळशीशी जाऊन उभा राहिला. पोरगं उठून शिव्या देत होतं का, एवढंच त्याने दोनदा विचारलं. मी हो म्हटल्यावर त्याला बरं वाटलेलं दिसलं.

यापुढे लाडू फक्त लाडूच असावेत. रागावले आहे, पण लोभाच्या आत राहूनच.

तुझी,
सनाहानबी


मोरे
७ ऑगस्ट

ती. इचेस,
नुंगशीचा शि. सा. न. वि. वि.

चुकले, चुकले, चुकले. तुझा शेडचा नियम माझ्या ध्यानीमनीही नव्हता. तू खांबाला टेकलेली आणि भावोजी छत्री धरून उभे, हे डोळ्यांसमोर आलं की मला भर बाजारात हसू फुटतं. नाओचाला वाचून दाखवलं तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्याने विचारलं की इनेला, त्याच्या आत्याला, खांबावरून सोडलं कुणी. मी म्हटलं, तिची तीच सुटली असेल. त्या दिवशी तो कांदे सोलताना गायला नाही.

डबा जाळला नाहीत, हे फार चांगलं केलंत. आता नीट वाच. माणूस हाक मारून, हलवून उठत नसेल, घोरल्यासारखा श्वास घेत असेल किंवा घेतच नसेल, ओठ निळे असतील, तर बाटलीची मान मोडायची, औषध सुईत ओढायचं आणि दंडात किंवा मांडीत टोचायचं. तुला सुई काही नवी नाही. नाक दाबून तोंडाने श्वास द्यायचा. श्वास लागला की कुशीवर वळवून ठेवायचं. उठला की तो शिव्या देईल, मनावर घेऊ नकोस. त्याची नशा आपण उतरवलेली असते, त्याला बरं वाटत नसतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे उठला म्हणून सोडून जायचं नाही. औषधाचा जोर तासाभरात ओसरतो, पावडरीचा ओसरत नाही. पुन्हा पडला तर पुन्हा टोचायचं. मग दवाखान्यात न्यायचं.

ज्याने टोचायला हवं तो जवळ असेल तरच हे सगळं होतं. बाटली शेडमध्ये आणि माणूस बांबूत, असं झालं तर काही उपयोग नाही. एवढंच बोलते, पुढचं तुझं तू जाणतेस. थारोला माझा नमस्कार सांग. तिच्या प्रश्नाचं उत्तर मलाही लिहिता येत नाही.

नाओचाला आता इथल्या डॉक्टरांनी रोजचं एक औषध लावलं आहे, जिभेखाली ठेवायचं. त्याने तलफ आवरते. अंगावर थोडं मांस चढलं आहे. कालच्या भाताला मात्र खालून खरपूड आणि वरून कच्चा दाणा होता.

लहान आहे म्हणून सोडून दे आणि लोभ कायम ठेव.

तुझी,
नुंगशी


हैनौ लैकाय
१४ सप्टेंबर

चि. सौ. नुंगशीस,
सनाहानबीचे अनेक उत्तम आशीर्वाद, पूर्ण लिहिते आहे, कारण आज मी खुशीत आहे.

परवा मी अंगणात तांदूळ पाखडत होते. फाटकात खोगेन रिक्षावाला येऊन उभा राहिला. धापा टाकत म्हणाला की इमा, माझे आई, जॉयचंद माझ्या रिक्षात पडलाय, आम्ही दोघांनी घेतली, मीच त्याला टोचली, आता तो उठत नाही. मला काय करायचं ते करा, आधी त्याला बघा. मी सूप टाकून उठले. धावता धावता विचारलं की लेका, सगळी वस्ती सोडून माझ्याकडेच बरा आलास? तर म्हणाला की तुम्ही त्या सुयांसाठी दिवसभर खांबाशी बसला होतात, तुमच्याकडे औषध आहे हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे तुझ्या भावोजींनी केलेली जाहिरात कामी आली.

खोगेन शेडमधून डबा घेऊन आला. जॉयचंद रिक्षात पाय बाहेर टाकून पडलेला, ओठ जांभळासारखे. मी बाटली मोडली, टोचलं, श्वास दिला. तोंडाला पानतंबाखूचा असा वास की विचारू नकोस. मला वाटलं, गेला. मग त्याने खोल श्वास घेतला, डोळे उघडले आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बँडमध्ये कर्णा वाजवतो ना, छाती दमदार. चार घरांपर्यंत ऐकू गेलं. नुंगशी, इतक्या घाणेरड्या शिव्या इतक्या गोड मला जन्मात लागल्या नव्हत्या.

तू सांगितलं होतंस म्हणून सोडून गेले नाही. खरंच तो पुन्हा मिटत चालला, पुन्हा टोचलं. तेवढ्यात पोलिसांची जीप आली. कुणी कळवलं देव जाणे. जॉयचंदला दवाखान्यात न्या म्हणाले, इथपर्यंत ठीक. मग साहेबाने खोगेनचं मनगट धरलं. पावडर याने आणली, याने टोचली, माणूस मेला असता तर खून झाला असता, म्हणून याला घेऊन जातो म्हणाला. मी म्हटलं, अरे, हा तर हाक मारायला आला! साहेब नवा होता, पण हुशार. म्हणाला की बाई, गेल्या वर्षी तुम्हीच सगळ्याजणी ठाण्यावर येऊन बसला होतात, पावडर देणाऱ्याला आत टाका म्हणून. होय, बसलो होतो. मी म्हटलं की तेव्हा मागितलं होतं, आज मागत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. आज याला नेलंत तर उद्या माझ्या फाटकात कोण येईल? मग या बाटल्यांत मी काय लोणचं घालू?

तो ऐकेना. तेव्हा मी दगड उचलला आणि खांब वाजवला. सगळ्या बायका धावत आल्या. त्यांना वाटलं, पावडरवाला सापडला, म्हणून एकीने सवयीने दोरीही आणली. येऊन बघतात तर मी जीपसमोर रस्त्यात बसलेली आणि मागे खोगेन रडतोय. एकदोघी कुरकुरल्या की याला कशाला वाचवायचं, हाच तर टोचणारा. तेव्हा थारो पुढे आली. माझ्याशेजारी रस्त्यात बसली. मग बाकीच्या बसल्या. तंफा म्हणाली की आणलेली दोरी वाया कशाला घालवायची, आणि तिने ती जीपच्या पुढच्या दांड्याला आणि खांबाला बांधली. पोलिसांची जीप आमच्या खांबाला! साहेबाला हसू आवरेना आणि हसता तर येईना. शेवटी म्हणाला की याला मी पाहिलाच नाही असं समजतो, दोरी तेवढी सोडा. जॉयचंदला त्याच जीपमधून दवाखान्यात पोचवलं. बरा आहे. काल येऊन पाया पडला आणि शिव्यांबद्दल क्षमा मागितली. मी म्हटलं, त्यातली एक मला नवीन होती.

संध्याकाळी इबोचौ घरी आला. बराच वेळ इकडचंतिकडचं बोलला. मग खिशातून एक संत्रं काढून म्हणाला की इचे, ती सुई कशी टोचतात ते मला शिकव. मी शिकवलं. त्याचे डोळे भरून आले होते, माझेही. दोघंही संत्र्याकडेच बघत राहिलो.

अजून बाटल्या धाड. शेडमध्ये उघडू, सगळ्यांसमोर. लाडूही असू देत. लोभ आहेच, तो आज जरा उतू चालला आहे.

तुझी,
सनाहानबी


मोरे
१५ ऑक्टोबर

ती. इचेस,
नुंगशीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र केंद्रात सगळ्यांना वाचून दाखवलं. जीप बांधल्याचं तर तीनदा वाचायला लावलं. नर्सबाई म्हणाल्या, तुमच्या बहिणीला आमच्याकडे पाठवा. मी म्हटलं, नको, मग मला माझ्याच स्वयंपाकघरात परवानगी मागून शिरावं लागेल. बाटल्यांचं खोकं बसने धाडलं आहे. लाडूही आहेत.

आज एक गंमत झाली. निंगोल चाकौबा जवळ आली. दरवर्षी आपल्याला माहेरी जेवायला बोलवायला घरचा मुलगा पानसुपारी घेऊन दारात येतो. गेली कित्येक वर्षं नाओचाच येत होता. यंदा सकाळी तो न्हाऊन, माझ्या नवऱ्याचं पांढरं धोतर नेसून मागच्या दाराने बाहेर गेला. पुढच्या दाराशी येऊन हाक मारली. मी म्हटलं, अरे, आत ये, तुझंच घर आहे. तर म्हणाला, आत्ता मी इथला नाही, माहेरचा माणूस आहे. केळीच्या पानावर पानसुपारी पुढे केली, वाकला, आणि इने, चाकौबाला आमच्याकडे जेवायला यावं, बाबांनी सांगितलंय, असं म्हणाला. बाबांनी त्याला काहीएक सांगितलेलं नाही. पण त्याने ते इतकं गंभीरपणे म्हटलं की मला हसता येईना. मी पान घेतलं.

मग धोतर बदलून तो पुन्हा कांदे सोलायला बसला. दुपारी हळूच म्हणाला की एका इनेचं झालं. दुसरीच्या दारात जायचं तर वस्तीत शिरावं लागेल, आणि बायकांनी अजून हो म्हटलेलं नाही.

मी तुझ्याकडे काही मागत नाही, इचे. तू भाच्यासाठी नियम वाकवणार नाहीस हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. जे घडलं ते फक्त कळवते आहे. मी चाकौबाच्या आदल्या दिवशी पोचेन. येताना तुला नेसायच्या फनेकसाठी कापड आणते आहे, रंग विचारू नकोस.

भेटीआधी हे शेवटचं पत्र. माया आहे तशीच, तिला दृष्ट लागू देऊ नकोस.

तुझी,
नुंगशी


हैनौ लैकाय
२७ ऑक्टोबर

चि. सौ. नुंगशीस,
सनाहानबीचे अ. उ. आ.

हे पत्र तुला मिळेपर्यंत तू कदाचित बसमध्ये असशील. तरी लिहिते, कारण समोर बसून हे मला बोलता येणार नाही.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी बायका शेडमध्ये जमल्या होत्या. मी नाओचाचं नाव काढलं नाही. पत्र वाचलं, घडी घातली, कमरेला खोचलं. तंफा म्हणाली की धाकटीने काय लिहिलंय ते चेहऱ्यावर दिसतंय, वाच. मग वाचलं. बराच वाद झाला. एक म्हणाली, बांधणं बंद केलं तर पोरांना धाकच राहणार नाही. दुसरी म्हणाली, धाक होता तेव्हा तरी काय राहिलं? शेवटी ठरलं की विकणाऱ्याला सोडायचं नाही, पण घेऊन पडणाऱ्याला आणि त्याला उचलून आणणाऱ्याला हात लावायचा नाही. सगळ्यांना हे पटलेलं नाही. मलाही सगळं पटलंय असं समजू नकोस. पावडर ही घाण आहे आणि मरेपर्यंत मी तिला घाणच म्हणेन. नाओचासाठी कुणी बोलायचं हा प्रश्न आला तेव्हा मी खाली बघत होते. थारो बोलली. म्हणाली की ज्यांच्या घरी येणारा मुलगा आहे, त्यांनी त्याला येऊ द्यावं. त्यावर तंफा हो म्हणाली, मग बाकीच्या. बसवाल्याबरोबर मी निरोप धाडला की दुसऱ्या इनेला अजून आमंत्रण नाही.

काल दुपारी तो आला. चौकातून, सगळ्यांसमोरून, पांढरं धोतर नेसून, हातात केळीचं पान. त्याला आधी बापाने बघितलं. इबोचौ दारात उभा होता. तो पोराच्या मागोमाग माझ्या अंगणापर्यंत चालत आला आणि फाटकाशी थांबला. मी चार गोष्टी सुनवायच्या म्हणून पाठ करून ठेवल्या होत्या. त्याला समोर बघितलं आणि एकही आठवेना. नुसती रडत उभी राहिले. तुझे भावोजी म्हणाले की अगं, पोराला बस तरी म्हण.

तो बसला नाही. पान पुढे धरलं, पण माझ्या हातात दिलं नाही. म्हणाला की इने, आधी एक ऐक. मी रोजचं औषध घेतोय, पडलो त्या दिवसापासून पावडरीला शिवलो नाही. पण शपथ घेणार नाही. घरच्या देवापुढे, सनामहीपुढे तीनदा घेतली, तीनदा मोडली. पुन्हा घसरणार नाही असं मला सांगता येत नाही. मी सुधारून आलो असं समजून पान घेणार असशील तर घेऊ नकोस.

नुंगशी, याआधी त्याने असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. एरवी खोटं बोलून गोड हसायचा. फाटकातून इबोचौ माझ्याकडे बघत होता, मी काय म्हणते म्हणून. मी पान घेतलं. डोक्याला लावलं. आणि म्हटलं की घसरायचंच झालं तर बांबूत जाऊ नकोस. माझ्या अंगणात घसर. उचलायला मी आहे, आणि तुझा बापसुद्धा आता शिकलाय.

तुमच्या केंद्राला कांदे सोलणारा दुसरा बघा. हा आता इथेच राहणार आहे, त्याचं जिभेखालचं औषध इथल्या दवाखान्यात मिळतं, मी विचारून आले. आज सकाळी त्याने भात केला. कच्चा होता. इबोचौने दोनदा मागून घेतला.

लवकर ये. लोभ आता कागदावर मावत नाही, उरलेला भेटीत घे.

तुझी,
सनाहानबी